तारीख नसलेला आराम

हाडांच्या दवाखान्यात तळमजल्यावर, जिन्याखालच्या खिडकी नसलेल्या खोलीत गेली तेहतीस वर्षं एकच बाई एक्स-रे काढते. कागदोपत्री तिच्या हुद्द्याचं नाव चांगलं हातभर लांब आहे, पण ते कुणाच्या तोंडात बसत नाही. लोक तिला फोटोबाई म्हणतात. "आधी फोटोबाईंकडे जाऊन या," असं वरून फर्मान सुटतं आणि माणसं लंगडत, कण्हत, कुणाच्या तरी खांद्याला लोंबकळत खाली येतात. बाई त्यांना गार टेबलावर झोपवते, दुखरा हात किंवा पाय हवा तसा वळवते, हलू नये म्हणून शेजारी वाळूची पिशवी लावते, जाड काचेमागे जाते आणि म्हणते, "हलू नका. श्वास धरा." मग बटण दाबते. मग म्हणते, "सोडा." इतक्या वर्षांत तिने अर्ध्या गावाला तरी हलू नका म्हणून दटावलं असेल.

आणि स्वतः मात्र एका जागी टेकेल तर शपथ. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती घरापासून नदीवरच्या पुलापर्यंत आणि परत धावते. सहा किलोमीटर. वय सत्तावन्न, उंची बेताची, अंगावर मांस नावापुरतं. तिच्या वेगाला धावणं म्हणायचं की घाईचं चालणं, याबद्दल तिच्या नवऱ्याचं स्वतंत्र मत आहे, पण पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला तो शहाणा माणूस ते मत स्वतःजवळ ठेवून आहे. सतरा वर्षांत तिने पाऊस पाहिला नाही, थंडी पाहिली नाही. एकदा घरी पाहुणे होते तर त्यांना चहा देऊन, "बसा, आलेच," म्हणून गेली आणि तासाभराने घामेजलेली परतली. पाहुणे बसले होते. काय करतील बिचारे.

दरवर्षी पुलावरची शर्यत असते, आठ किलोमीटरची. त्यात बाई सोळा वेळा धावली आणि सोळाही वेळा शेवटून पहिली किंवा शेवटून दुसरी आली. ही चुरस तिची आणि निवृत्त पोस्टमास्तरांची. मास्तर अडुसष्टचे, ढेरपोटे, धावताना तोंडाने सतत काहीतरी पुटपुटणारे. पुढे कोण जिंकतं याच्याशी दोघांना देणंघेणं नव्हतं. मागे कोण राहतं यावर मात्र वर्षभर एकमेकांना टोमणे चालायचे.

एवढं धावायचं खूळ कुठून आलं, असं कुणी विचारलं की बाई एका वाक्यात उत्तर द्यायची. "माझी आई नऊ वर्षं अंथरुणात होती." पुढे विचारायची कुणाची हिंमत होत नसे. आई एकसष्टाव्या वर्षी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, याच दवाखान्यात खिळा घालून बसवलं आणि ती घरी आली ती परत काही उठली नाही. गेली तेव्हा बाई चाळीस वर्षांची होती. त्याच महिन्यात तिने कापडी बूट घेतले आणि एका सकाळी जी बाहेर पडली ती पडलीच. फोटोखोलीतल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, आईचा एक एक्स-रे पिवळ्या पाकिटात अजून आहे. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

तर एका बुधवारी बाईची डावी नडगी दुखायला लागली.

आधी वाटलं, लचक असेल. मग एक जागा सापडली, बोटाच्या पेराएवढी, तिथे दाबलं की कळ थेट डोक्यात जायची. चार दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी नवऱ्याच्या लक्षात आलं, कारण ती जिना आडव्या पावलांनी उतरत होती.

"पाय दुखतोय का गं?"

"नाही."

"मग खेकड्यासारखी का उतरतेस?"

"तुम्ही पेपर वाचा."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने फोटोखोलीचं दार आतून लावून घेतलं. आता अडचण अशी की टेबलावर झोपणारी आणि काचेमागे बटण दाबणारी व्यक्ती एकच असू शकत नाही. तिने दवाखान्यातल्या मावशींना बोलावलं. मावशी तिथे बाईच्याही आधीपासून फरशी पुसतायत. त्यांना बटण दाखवलं, आणि बाई शिशाचा जाड अंगरखा पांघरून टेबलावर आडवी झाली. मावशींना आयुष्यात पहिल्यांदा ती जागा मिळाली होती. त्यांनी घसा खाकरला आणि अगदी बाईच्याच सुरात म्हणाल्या, "हलू नका. श्वास धरा." मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"मावशी, दाबा की."

"दाबते हो. घाई नको."

फोटो आला. बाईने पडद्यावर तो मोठा करून पाहिला, उजेड वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. हाड साफ. कुठे चीर नाही, रेघ नाही. तिचा जीव भांड्यात पडला. रुग्णांना ती नेहमी एक वाक्य ऐकवायची, की माणूस खोटं बोलेल, फोटो बोलणार नाही. तेच तिने स्वतःला ऐकवलं. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "फोटो साफ आहे," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट बांधले.

इथेच ती फसली, आणि अशी फसायला फोटोबाईच असावं लागतं. दुसरं कुणीही असतं तर पाय दुखतोय म्हणून डॉक्टरकडे गेलं असतं आणि डॉक्टरने पाय दाबून बघून सांगितलं असतं, बाई, धावणं थांबवा. पण जिच्या हाताशी यंत्र, ती कशाला जिना चढते. तीन आठवडे ती दात आवळून धावली. मध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरणीने तिला लंगडताना पाहिलं.

ही डॉक्टरीण चौतिशीची. दहा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आली तेव्हा फोटो उलटा लावायची आणि डावा पाय उजवा समजायची. बाईने तिला उभं करून शिकवलं होतं. त्यामुळे बाई तिला चारचौघांत अहोजाहो करायची आणि काचेमागे अगंतुगं.

"बाई, पाय दाखवा बघू."

"फोटो काढलाय. साफ आहे."

"कधी काढलात?"

"दुखायला लागल्यावर लगेच," बाई म्हणाली आणि पुढच्या रुग्णाला आत घेतलं. डॉक्टरीण काहीतरी बोलणार होती, पण वरून तिला हाक आली.

एकविसाव्या दिवशी पुलाच्या बरोबर मधोमध नडगीत काहीतरी कट्टकन झालं आणि बाई कठड्याला धरून खाली बसली. मागून रोजच्यासारखे धावत मास्तर आले. त्यांना वाटलं, ही आपली वाट बघत बसलीय टोमणा मारायला. तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहून मिटलं. मग रस्त्यातून जाणारा एक पाववाल्याचा टेम्पो त्यांनी दोन्ही हात पसरून अडवला, बाईला पावांच्या ट्रेंच्या मध्ये जागा करून बसवलं आणि स्वतः दार धरून लोंबकळत दवाखान्यापर्यंत आले. टेम्पोवाल्याने नंतर कितीतरी दिवस ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली.

यावेळी फोटो एका शिकाऊ डॉक्टरने काढला. बाईने टेबलावरूनच मान वळवून पडदा पाहिला आणि समजायचं ते समजली. नडगीवर आडवी, केसाएवढी काळी रेघ. दोन्ही बाजूंना पांढुरकं धुकं. असली चीर पहिले दोन-तीन आठवडे फोटोत दिसतच नाही. हाड स्वतःला सांधायला लागतं तेव्हा कुठे ती नजरेला पडते. हे बाईला माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी नव्या शिकाऊंना ती हेच सांगायची, की धावणाऱ्याचा फोटो साफ आला म्हणून त्याला घरी पाठवू नका, तीन आठवड्यांनी परत बोलवा. दुसऱ्याचा पाय असता तर तिने वर चिठ्ठी पाठवली असती. स्वतःच्या पायाच्या बाबतीत तिला जे हवं होतं तेच तिने फोटोत पाहिलं होतं. तिला लाज वाटली. दुखण्यापेक्षा ती लाज जास्त झोंबली.

डॉक्टरणीने हाडांच्या घनतेचीही तपासणी करवून घेतली. तो कागद हातात घेऊन ती खुर्ची ओढून बाईसमोर बसली, म्हणजे बातमी बरी नव्हती.

"हाडं विरळ झालीयत, बाई. वयाने होतात. कुबड्या देते, गुडघ्यापर्यंतचा बूट देते, गोळ्या देते. आणि आता आराम."

"किती?"

"बघू."

"बघू म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत?"

"या वयात तारीख नाही सांगता येत. आणि खरं सांगू का, रागावू नका. धावलात ते खूप झालं. आता बागेत चाला, सकाळी ऊन घ्या."

बाईने आधी दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी नाही याची खात्री केली आणि मग तोंड सोडलं. "हे बघ, मी चूक केलीय, ती मला कळलीय, ती सगळी माझ्या पदरात घाल. कुबड्या घेईन, गोळ्या खाईन, तू सांगशील तितके दिवस पाय जमिनीला लावणार नाही. पण तारीख दे. तारीख नसलेला आराम मी घेणार नाही."

"दहा आठवड्यांनी फोटो काढू."

"ती फोटोची तारीख झाली. माझी कुठेय?"

डॉक्टरीण म्हणाली, "बाई, तुम्ही फार हट्टी आहात," आणि कागदावर लिहिलं, आराम. पुढे पूर्णविराम.

आता तुम्ही म्हणाल, एवढी अडून बसणारी बाई, हिने दुसऱ्या दिवशी कुबड्या फेकल्या असतील. मुळीच नाही. तिने असा कडक आराम केला की बघणाऱ्याने हात जोडावेत. कामावर उंच स्टूल मागवून बसली आणि धावपळ मावशींच्या गळ्यात घातली. गोळ्या घड्याळ लावून घेतल्या. दुखरा पाय सोडून बाकीचं सगळं शरीर तिने कामाला लावलं. खुर्चीत बसून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायची, पलंगावर उताणी पडून दुसरा, धड पाय वर-खाली करायची, आणि मोठमोठ्याने आकडे मोजायची, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळावं. आराम करताना इतकी दमणारी बाई नवऱ्याने पाहिली नव्हती.

नवरा खरं तर मनातून खूश होता. एवढ्या वर्षांत बायको पहिल्यांदाच सकाळी घरात सापडत होती. त्याने हौसेने एक आरामखुर्ची आणली, झुलणारी, उशीसकट. बाईने तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले.

"अगं, वय झालंय आता आपलं."

"आपलं म्हणू नका. तुमचं झालं असेल."

पण एक सकाळ वाईट आली. तिसरा आठवडा होता. नवरा प्रेमाने चहा पलंगापाशी घेऊन आला. तिने घेतला. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर तोंड धुवायला पाण्याचं भांडं आणि पंचा आणला, म्हणजे तिला मोरीपर्यंत जायला नको. तिसऱ्या दिवशी उशाशी कंगवा आणि आरसा ठेवला. बाईने कंगवा हातात घेतला आणि केसांना न लावता तसाच धरून बसली. आईच्या पलंगाशी वस्तू अशाच एकेक करून आल्या होत्या. आधी चहा आला. मग पाण्याचं भांडं, मग कंगवा, मग रेडिओ, मग जेवणाचं ताट. प्रत्येक वस्तू कुणीतरी मायेनेच आणली होती, बऱ्याचशा बाईने स्वतः. आणि एक दिवस आईला पलंगावरून उतरायचं काही कारणच उरलं नाही.

तिला भीती वाटली. नडगी मोडली तेव्हाही वाटली नव्हती एवढी. ती रडली, आणि रडताना सापडली याचाही तिला राग आला.

"हे सगळं उचला," ती नवऱ्याला म्हणाली. "चहा स्वयंपाकघरात ठेवायचा. मी तिथे येईन."

"पडशील."

"पडले तर उचला. पण इथे आणायचा नाही."

पलंगापासून स्वयंपाकघर म्हणजे अठरा पावलं. कुबड्या टेकत, बूट उचलत तिला पहिल्या दिवशी इतका वेळ लागला की चहावर साय धरली. तिने तो तसाच गार पिऊन टाकला आणि कप स्वतः विसळला. त्या दिवसापासून चहा पलंगापाशी गेला नाही, आणि आरामखुर्ची नवऱ्याने स्वतःसाठी खिडकीशी ओढून घेतली.

सहाव्या आठवड्यात पुलावरची शर्यत आली. जावं की न जावं करता करता बाई गेली, आणि शेवटच्या रेषेपाशी घडीच्या खुर्चीत पाय लांब करून बसली. माणसं येत होती, टाळ्या पडत होत्या. ओळखीचे लोक थांबून चौकशी करत होते आणि सगळे जण एकच शब्द बोलून जात होते. आराम करा, बाई. आता आराम करा. छान आराम करा. तिने सगळ्यांना मान डोलावली आणि मनात प्रत्येकाला एकेक ठेवून दिली. सगळे संपले, दोर गुंडाळायला सुरुवात झाली, तेव्हा लांबून मास्तर पुटपुटत आले. त्यांच्या मागे चिटपाखरू नव्हतं.

"तुझ्यामुळे माझा शेवटचा नंबर आला," ते धापा टाकत म्हणाले. "मागे कुणीतरी आहे या भरवशावर मी निवांत धावत होतो."

"पुढच्या वर्षी आहे मी मागे."

मास्तरांनी तिच्या पायातल्या बुटाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "खुर्ची शोभते हो तुला," ते म्हणाले. "सवय कर." म्हणाले ते चेष्टेने. बाईने त्याच खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून स्वतःला उभं केलं, कुबड्या काखेत घेतल्या आणि घरापर्यंत पायी आली. नवरा खुर्ची बगलेत मारून मागून येत होता.

दहा आठवडे झाले आणि फोटोचा दिवस आला. यावेळी बटण मावशींनीच दाबलं, बिनचूक. काळी रेघ नाहीशी झाली होती. तिच्या जागी हाडाला बाहेरून एक पांढरा, भक्कम उंचवटा आला होता, झाडाच्या मोडलेल्या फांदीशी गाठ येते तसा. डॉक्टरीण खाली येऊन बराच वेळ पडद्याकडे पाहत होती.

"सुरेख जुळलंय," ती म्हणाली. "तुमच्या वयात इतकं छान मी पाहिलं नव्हतं. बूट काढा, चाला. पण बाई, काळजी म्हणून धावणं नकोच. आराम चालू ठेवूया. पुढे बघू."

बाई कपाटाशी गेली, खाली वाकली आणि सगळ्यात खालच्या फळीवरून पिवळं पाकीट काढलं. भिंतीवरच्या जुन्या दिव्याच्या पेटीचं बटण दाबलं. आता सगळं पडद्यावर दिसतं, ती पेटी कुणी वापरत नाही. आतली नळी दोनदा फडफडली आणि लागली. बाईने पाकिटातला फोटो तिच्यावर खोचला. त्याचा नावाचा कोपरा दुमडलेला होता.

"हा वाच."

डॉक्टरणीने सवयीने आधी डावं-उजवं पाहिलं. "खुबा आहे. खिळा घातलाय. बाईमाणूस, साठीच्या आसपासचं. किती दिवसांनंतरचा?"

"चार महिने."

"जुळलंय की. मस्त जुळलंय. लगेच उभं केलं असेल ना यांना?"

"नाही. नऊ वर्षं झोपवून ठेवलं."

डॉक्टरणीने वळून पाहिलं.

"माझी आई," बाई म्हणाली. "फोटो मी काढला होता. याच टेबलावर. हाड जुळलंय हे मला तेव्हाच दिसलं. सात वर्षं झाली होती मला या खोलीत, न कळायला काय झालं. पण फोटो काढणाऱ्याने अर्थ सांगायचा नाही, हा नियम. मी फोटो वर पाठवला. वरून कागद आला, आराम चालू ठेवावा. त्यांच्याकडे गर्दी होती, त्यांनी नीट पाहिलं की नाही देव जाणे. मला वाटलं, ते मोठे डॉक्टर, त्यांना जास्त कळत असेल. मी घरी गेले आणि म्हटलं, आई, आराम कर म्हणतायत. तिने विचारलं, अजून किती दिवस गं? आणि मी काय म्हटलं माहितेय?"

बाईने फोटोचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"मी म्हटलं, बघू."

पेटीतली नळी फडफडत होती. मावशी दारात फडकं हातात घेऊन उभ्या होत्या, त्या बाहेर गेल्या.

"मी तुझ्याकडे शर्यत मागत नाहीये, पोरी," बाई म्हणाली. "मला माहितेय हाडं विरळ आहेत. परत मोडतील, मोडोत. सावकाश जाईन, तू म्हणशील तेवढंच. पण जुळलेल्या हाडावर मला झोपवू नकोस. हाडाचं तुला कळतं, ते तू सांग. तारीख लिही."

डॉक्टरणीने टेबलावरचा कागद ओढला. आराम असं लिहिलेलं होतं, ते तिने एका रेघेने खोडलं. थोडा विचार केला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि लिहिलं. त्यापुढे महिनाभर रोजच्या चालण्याचा तक्ता, पायांच्या ताकदीचे व्यायाम, गोळ्या. आणि शेवटी एका सोमवारची तारीख. एक मिनिट धावणे.

"एकच मिनिट," ती म्हणाली. "साठ सेकंद. एकसष्टावं धावलात तर बूट परत."

"एकसष्टावं मागतंय कोण," बाई म्हणाली आणि कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

तो सोमवार उजाडला. जागा ठरली दवाखान्यामागची बोळ, जिथे धुतलेल्या चादरी वाळत असतात आणि प्राणवायूची रिकामी नळकांडी उभी असतात. बाई घरूनच बूट बांधून आली होती. नवरा घड्याळ घेऊन उभा. मावशींनी वाटेतल्या चादरी एका बाजूला सारल्या होत्या. मास्तरांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आले होते, आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाले की ते इथून सहज चालले होते. वर दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी अर्धवट उघडी होती.

"हं," नवरा म्हणाला.

बाई धावली. खरं सांगायचं तर सुंदर काही नव्हतं ते. डावा पाय बिचकत पडत होता, खांदे वर चढले होते, तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं. पंधरा सेकंदांनी पाऊल सरळ पडायला लागलं. तीस सेकंदांनी तिने खाली बघणं सोडलं. बोळ संपली तशी ती भिंतीपाशी वळली आणि परत येताना चादरींमधून आली, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. घामाने म्हणा नाहीतर कशाने, चेहरा चमकत होता.

"साठ," नवरा म्हणाला.

ती जागच्या जागी थांबली. अजून चार पावलांवर बोळीचं टोक होतं, पण तिने एक पाऊल जास्त टाकलं नाही. कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि वर खिडकीकडे पाहिलं.

"पुढची तारीख?"

"बुधवार," वरून आवाज आला. "दोन मिनिटं."

मास्तर पुटपुटत निघून गेले. पुढच्या वर्षी आता खरंच धावावं लागणार, असं काहीतरी ते म्हणत होते.

बाईने तोंडावर पाणी मारलं, पांढरा कोट घातला आणि फोटोखोलीचं दार उघडलं. पहिली रुग्ण ढकलगाडीवर होती, साठ-बासष्टची बाई, पायावर चादर, मुठीत कागद. सोबत तिची मुलगी. बाईने कागद घेऊन वाचला. खुब्याचा फोटो काढावा, असं लिहिलं होतं. खाली, आराम.

"मी कधी चालणार हो?" गाडीवरच्या बाईने विचारलं.

या प्रश्नाला गेली तेहतीस वर्षं बाईचं एकच उत्तर होतं, डॉक्टर सांगतील. तिने कागद मावशींच्या हातात दिला.

"हा वर घेऊन जा. म्हणावं, तारीख लिहायची राहिलीय."

"आणि नाही लिहिली तर?"

"तर परत घेऊन जा. लिहीपर्यंत जिना चढा."

मावशी पदर खोचून निघाल्या. बाईने त्या बाईला हळूच टेबलावर घेतलं, खुबा वळवला, शेजारी वाळूची पिशवी लावली आणि तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले.

"आता हलू नका," ती म्हणाली. "फक्त आत्तापुरतं."

आणि काचेमागे गेली.